घरी बनवलेला कॅनिस्टर फिल्टर गळतोय, सिलिकॉनच्या तीन नळ्या संपल्या. आता काय करू?

संत्राबाग
मंडळी, नमस्कार. मी वरुड तालुक्यातला. घरी काचेची तीन फुटी टाकी आहे (३ × १ × सव्वा फूट), त्यात मुलीचे सहा गोल्डफिश. हे मासे घाण फार करतात, म्हणून दिवाळीच्या सुटीत घरीच कॅनिस्टर फिल्टर (टाकीच्या खाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) बनवला. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घासून धुतली, झाकणाला भोकं पाडून अर्ध्या इंचाचे दोन टँक निपल (नळी जोडायचे आट्यांचे तुकडे) बसवले. आत खाली स्पंज, वर विटांचे तुकडे, त्यावर छोटा सबमर्सिबल पंप. पाणी असं स्वच्छ झालं की मुलगी तासन् तास टाकीसमोर बसायची.

पण तीन महिन्यांत एक आठवडा कोरडा गेला नाही. झाकणाच्या कडेनं गळतं आणि एका निपलाच्या बुडातून गळतं. सिलिकॉन लावलं की चार-आठ दिवस थांबतं, मग सापाच्या कातीसारखं ते सिलिकॉनच निघून येतं. तीन नळ्या संपल्या. परवा रात्री लाईट गेली आणि सकाळी पाहतो तर पाणी खोलीभर, तुरीची दोन पोती खालून ओली. आई म्हणते, आता हे काढ घरातून. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक बादली डोळ्यांत खुपते.

कोणता गोंद लावू? की मुळातच काही चुकलं आहे? विकतचा फिल्टर सध्या परवडत नाही.

गप्पीवाली
एम-सील लावा. माझा दोन वर्षांपासून टिकला आहे.

काळीमाती
ताई, तुमचा काचेवर आहे की प्लास्टिकवर? त्यानं फार फरक पडतो.

संत्राबाग, बादली उलटी करून बुडाशी त्रिकोणात कोणता आकडा आहे ते पाहा. ५ असेल तर ती पॉलिप्रॉपिलीन, २ असेल तर एचडीपीई. दोन्ही प्लास्टिकं मेणचट असतात, त्यांना सिलिकॉन धरत नाही. काचेला तेच सिलिकॉन असं धरतं की ब्लेडशिवाय निघत नाही. बादलीवर मात्र ते नुसतं बसून राहतं, चिकटत नाही. पाण्याचा दाब आला की सुटणारच. दुसरं म्हणजे जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे थरावर थर चढवून काही उपयोग नाही. सगळं खरवडून काढा आणि ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या.

पाईपवाल्यांचं सॉल्व्हंट सिमेंटही बादलीवर चालत नाही. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग वितळवून दोन तुकडे एकजीव करतं, पॉलिप्रॉपिलीनला ते काहीच करत नाही.

संत्राबाग
आकडा ५ आहे. म्हणजे तीन नळ्या पाण्यातच गेल्या म्हणायच्या.

मास्तर_विज्ञान
आधी गोंद बाजूला ठेवू आणि झाकणावर जोर किती येतो ते पाहू. टाकीतल्या पाण्याची वरची पातळी आणि बादलीचं झाकण यांत उभं अंतर किती आहे?

संत्राबाग
आत्ताच मोजलं सर. अडीच फूट. झाकणाचा व्यास २५ सेंटिमीटर.

मास्तर_विज्ञान
अडीच फूट म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर. पाण्याच्या १ मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर ०.१ किलो दाब येतो, म्हणून तुमच्याकडे ०.०७५ किलो. झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर ३७ किलोच्या आसपास येतो. बारा-तेरा वर्षांचं पोरगं बादलीत बसून दिवसरात्र झाकण वर ढकलतंय असं समजा. रंगाच्या बादलीचं झाकण रंग सांडू नये म्हणून बनवलेलं असतं, हा जोर सोसायला नाही. ते मधून फुगतं आणि कड सुटते.

टाकीत पाणी किती लिटर आहे याचा यात संबंध नाही, संबंध आहे तो उंचीचा आणि झाकणाच्या आकाराचा. तीच बादली वर उचलून झाकण पाण्याच्या पातळीच्या फूटभरच खाली ठेवलं तर जोर १५ किलोवर येतो. बादलीऐवजी १६० एमएमचा पाईप घेतला तर आतला व्यास १५ सेंटिमीटरच्या जवळपास, आणि अडीच फुटांवरसुद्धा जोर तेराएक किलोच. उंच आणि अरुंद भांडं म्हणूनच बरं.

गप्पीवाली
सर, हे आम्हाला शाळेत असं शिकवलं असतं तर!

मोटर_रिवायंडिंग
सरायनं बरोबर सांगतलं. संत्राबाग भाऊ, तुमी संत्र्यावाले, वावरात १६० नायतर १४० चा पाईपाचा तुकडा पडूनच असन. मंग बादली कायले पायजे? मी सांगतो तसं करा.

पाईप दीड फूट कापा. खालून एंड कॅप सॉल्व्हंटनं पक्की करा. वरून टेलपीस अन् फ्लँज (पाईपाच्या तोंडावरची बोल्टाच्या भोकांची चकती) बसवा, आपण मोटरीच्या डिलिव्हरीले लावतो तसाच. फ्लँजवर रबराचं पॅकिंग, त्याच्यावर जाड पीव्हीसीची पाटी, अन् नटबोल्ट. पॅकिंग कोरडंच ठेवजा, त्याले गोंद-फिंद काई लावू नका. बोल्ट एकाच बाजूनं आवळत नेले तं पाटी तिरपी होते. एक इकडचा, मंग त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे आवळत जा. साफ कराले खोललं का पुन्ना तेच पॅकिंग चालते. चार-पाच वर्सं पाहाले नको.

पाणवठा
कुकरची रिंग लावून पाहिली आहे का कुणी? बादलीच्या झाकणाला बरोबर बसते म्हणतात.

मोटर_रिवायंडिंग
मी पाह्यलं करून. कुकरची रिंग झाकणाच्या वाकलेल्या कडीत बसाले बनवली हाय. सपाट जागी ठेवली का सरकते. सपाटावर सपाट पॅकिंगच पायजे.

काळीमाती
सहमत. एक भर घालतो. पाईप कापल्यावर काठ वेडावाकडा राहतो, तो पॉलिश पेपरनं सपाट करा. सॉल्व्हंट लावायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग कोरडे हवेत, लावल्यावर थोडं फिरवून आत दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा, नाहीतर कॅप हळूच मागे सरकते. मग २४ तास हात लावू नका. आपल्याकडे लोक तासाभरात मोटर सुरू करतात आणि मग कंपनीच्या नावानं बोटं मोडतात.

नवेगावकर
मी गोंदिया जिल्ह्यातला, तलावांच्या मुलखातला. इकडं कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत आणि गावोगावी बोड्या (लहान तळी) आहेत. आमच्या बोडीची पार (मातीचा बांध) झिरपायची. लहानपणी मला वाटायचं, पाणी बाहेरून दिसतंय तर माती बाहेरून का नाही टाकत? आजोबा पाणी उतरलं की आतून, पाण्याच्या बाजूनं, चिकणमाती कुटून भरायला लावायचे. म्हणायचे, बाहेरून लावशील तर पाणी तिला ढकलून देईल, आतून लावशील तर पाणीच तिला दाबून बसवील.

तुमच्या निपलाचं वाचलं आणि हेच आठवलं. निपलाचं रबरी वॉशर कोणत्या बाजूला आहे जी? पाण्याच्या बाजूला, निपलाच्या चकतीखाली आहे, की बाहेर नटाखाली?

संत्राबाग
नवेगावकर, तुमचं वाचून उठलो आणि बॅटरी घेऊन पाहिलं. जो निपल गळतो त्याचं वॉशर बाहेर नटाखाली आहे. जो गळत नाही त्याचं आत आहे. दोन्ही मीच बसवले, एकाच दिवशी.

नवेगावकर
मग अर्धं काम झालं. नटाखाली वॉशर असलं की पाणी भोकात शिरून आट्यांवरून फिरत फिरत बाहेर येतं. वॉशर आत घ्या आणि नट हातानं आवळून वर पाव फेरा द्या, बस. पान्यानं जोर केला तर वॉशर चेमटून बाहेर निघतं किंवा प्लास्टिकचा आटा चिरतो. भोक कशानं पाडलं होतं?

संत्राबाग
तापवलेल्या लोखंडी पाईपानं.

काळीमाती
मग काठाला वितळलेल्या प्लास्टिकची गोठ आली असणार, तिच्यावर वॉशर सपाट बसत नाही. होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) वापरा, नळजोडणीवाल्याकडे असतो, मागितला तर देतो. आणि आता पाईपवर जाणार असाल तर निपल पाईपच्या गोल अंगाला बसवू नका. सपाट वॉशर गोलाईवर टेकत नाही, दोन बाजूंनी फट राहतेच. वरच्या सपाट पाटीतच बसवा.

ठिबकवाला
अंगालाच बसवायचं असेल तर ठिबकचं ग्रोमेट आणि टेक-ऑफ आहे की! गोल पाईपसाठीच बनवलं आहे ते. ग्रोमेटच्या मापाचं भोक पाडायचं, रबरी ग्रोमेट दाबून बसवायचं, त्यात टेक-ऑफ ठोकला की तो रबराला आतून फुगवून धरतो, १६ एमएमची नळी सरळ लागते. शेतात याच्या कितीतरी जास्त दाबावर थेंब गळत नाही. फक्त भोक एक-दोन एमएमनं मोठं झालं की खेळ संपला, तिथे दुरुस्ती नाही, नवं भोक पाडावं लागतं. छोटा व्हॉल्व्ह, जॉइनर, सगळं कृषी केंद्रात मिळतं आणि स्वस्त मिळतं.

गप्पीवाली
१६ एमएमच्या नळीतून गोल्डफिशच्या टाकीला पुरेसं पाणी फिरेल का?

ठिबकवाला
ताई, एका नळीनं कमी पडेल. दोन लावाव्या लागतील. किंवा त्यांचा अर्ध्या इंचाचा निपलच राहू दे.

पाणवठा
पंपाची वायर बादलीतून बाहेर कशी काढली आहे?

संत्राबाग
झाकणाला तिसरं भोक पाडून. सिलिकॉन भरलंय. हो, तिथूनही ओल येते, ते लिहायचं राहिलं.

मोटर_रिवायंडिंग
केबल ग्लँड आणा भाऊ. पॅनल बोर्डाले लावतात थो. आत रबरी बुश असते, नट आवळला का वायरीले चारी बाजूनं धरते. वायर घालाले पिन कापा लागन, मंग नवी पिन बाहेर कोरड्यात जोडजा, पाईपाच्या आत जोड ठेवू नका. अन् आयका, गळणाऱ्या फिल्टरापाशी वायर सरळ बोर्डात नेऊ नका. बोर्डाच्या खाली वायरीले झोका द्या, म्हंजे वायरीवरून उतरलेला थेंब झोक्यातून खाली पडते, पिनेत जात नाई. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला का लाईट तोडणारा स्विच) नसन तं आधी थो लावा, फिल्टर मागून. टाकीत हात घालाच्या आधी पिन काढाची, दरवेळी. माह्या दुकानात ओल्या बोर्डानं जळालेल्या मोटरी येतात, पण मोटर भरता येते. माणूस भरता येत नाई.

मास्तर_विज्ञान
हे वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहितो उद्या.

ब्रह्मपुरी_४६
थोडा वेगळा मुद्दा. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की प्रत्येक वेळी गळतीच असते असं नाही. मागच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर होता, टाकी रोज बोटभर उतरायची. मी दोन जोड खोलून पुन्हा बांधले, आणि निघालं काय तर नुसतं बाष्पीभवन! तेव्हापासून टाकीशेजारी उथळ परात भरून ठेवतो आणि दोन्हीकडे खूण करतो. दोन्ही सारखंच उतरलं तर हवा पितेय, टाकी जास्त उतरली तर शोधायचं. कूलर त्याच खोलीत लावला की हवा दमट होते आणि उतरणं कमी होतं, हेही दिसलं.

गप्पीवाली
माझ्याकडे कूलरचाच पंप आहे फिल्टरला.

मोटर_रिवायंडिंग
चालते, पण उंची कमी चढवते थो. जाळी बुजली का तापते. दर आठवड्याले धूत जा.

काळीमाती
कूलरवरून सांगतो, कूलरच्या टाकीला गळती लागली की आपण डांबर किंवा काळा रंग फासतो. ते माशांच्या पाण्याला लागेल असं कुठंच वापरू नका. सिलिकॉनही बुरशीरोधक लिहिलेलं घेऊ नका, त्यातलं बुरशीनाशक माशांना घातक आहे. साधं, वाळताना आंबट वास येणारं घ्या, आणि काचेसाठीच वापरा. जाड थर असेल तर दोन-तीन दिवस वाळू द्या, वास पूर्ण गेला पाहिजे.

भंडारेकर
पितळी निपल लावला तर आटे चिरत नाहीत. आमच्या भंडाऱ्यात पितळेला तोटा नाही.

पाणवठा
भंडारेकर, पितळेत तांबं असतं. मासे एकवेळ सोसतील, पण टाकीत गोगलगाई किंवा झिंगे असतील तर तांबं त्यांना मारतं. प्लास्टिकच बरं.

भंडारेकर
हे माहीत नव्हतं. माझ्या टाकीतल्या गोगलगाई दोनदा मेल्या, कारण सापडत नव्हतं. आजच काढतो.

मेळघाटी
मला एक वेगळं म्हणायचं आहे. हे पॅकिंग, ग्लँड, निपल सगळं ठीक, पण फिल्टर जमिनीवर ठेवायचाच कशाला? मी टाकीच्या वर आडवा लांबट डबा ठेवला आहे. टाकीतला पंप पाणी डब्यात टाकतो, ते स्पंज आणि विटांमधून जाऊन दुसऱ्या टोकाच्या भोकातून परत टाकीत पडतं. झाकण उघडंच, दाब नाहीच. डबा तडकला तरी पाणी टाकीतच पडणार. चार वर्षांत जमिनीवर थेंब नाही. लाईट गेली तर डब्यातलं पाणी खाली उतरतं, तेवढी जागा टाकीत ठेवायची.

मास्तर_विज्ञान
रचना म्हणून हीच सर्वांत सुरक्षित. संत्राबाग, याचा विचार कराच.

मोटर_रिवायंडिंग
पन पाणी पडाचा आवाज होते रातभर.

मेळघाटी
होतो. पाईप पाण्यात बुडवला की थांबतो.

संत्राबाग
मेळघाटी, पटलं. पण आमच्या टाकीवर भिंतीतली फळी आहे, वर चार बोटंच जागा आहे. त्यामुळे खालचाच करतो. शेतातून १६० चा तुकडा आणला आज.

लाईट गेली त्या रात्री एवढं पाणी का आलं, ते अजून कळलं नाही. पंप बंद म्हणजे पाणी थांबायला हवं ना?

काळीमाती
उलट आहे. तुमचा पंप फिल्टरातून पाणी ओढून वर टाकीत देतो. तो चालू असतो तेव्हा भांड्यातला दाब थोडा कमी होतो. विशेषतः स्पंज बुजला असेल तर आतमध्ये इतकी ओढ बसते की त्या फटीतून पाणी गळायच्या ऐवजी हवा आत जाते. पंपात बुडबुडे किंवा खरखर ऐकू यायची का? पंप बंद झाला की टाकीचा पूर्ण दाब परत झाकणावर येतो आणि तीच फट गळू लागते. नळी भरलेली असते, त्यामुळे सायफन (नळीतून पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) चालूच राहतो आणि पाणी नळीच्या तोंडापर्यंत उतरत जातं. तुमच्या टाकीत १०० लिटरच्या आसपास पाणी आहे, नळी बुडाशी असेल तर बहुतेक सगळं खोलीत.

उपाय सोपा आहे. पाणी ओढणाऱ्या नळीला टाकीच्या आत, पातळीच्या ५ सेंटिमीटर खाली, तीन-चार एमएमचं भोक पाडा. परत येणाऱ्या नळीलाही तसंच. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ९० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत ५ सेंटिमीटर म्हणजे साडेतेरा लिटर. तेवढं सांडेल, पण मासे वाचतील. भोक शेवाळानं बुजतं, दर आठवड्याला काडी घाला. आणि उन्हाळ्यात पातळी भोकाच्या वर राखा, नाहीतर चालू पंप हवा ओढेल.

संत्राबाग
खरखर यायची! मी समजत होतो पंप जुना झाला.

ठिबकवाला
तेरा लिटरही तुरीला पुरेसे आहेत. पोती लाकडी फळीवर ठेवा भाऊ.

पाणवठा
विषयांतर करतो, पण १०० लिटरमध्ये सहा गोल्डफिश दाटीचे होतात. मोठे झाले की दोन-तीन कुणाला तरी द्यावे लागतील. फिल्टर कितीही चांगला केला तरी.

संत्राबाग
मुलीला सांगायचं धैर्य गोळा करतोय.

मोटर_रिवायंडिंग
भाऊ, घरात नेऊ नका लगेच. आंगणात टेस्टिंग घ्या. पाईप पाण्यानं भरा, एक निपल बंद करा, दुसऱ्याले नळी लावून नळीचं तोंड पाच फूट वर बांधा अन् नळी भरून ठेवा. वापरात अडीच फुटाचा दाब हाय, तपासतानी दुप्पट. रातभर तसंच राहू द्या.

ब्रह्मपुरी_४६
आणि सावलीत ठेवा. पाईप उन्हात तापला की लांबतो, मग काय गळतं आणि काय नाही ते समजत नाही.

---

संत्राबाग (तीन आठवड्यांनी)
उशीर झाला, मृग बहाराचा तोडा सुरू होता.

१६० चा पाईप दीड फूट कापला, खाली एंड कॅप, वर टेलपीस-फ्लँज, पॅकिंग, आठ बोल्ट. पाटीला होल सॉनं भोकं, दोन निपल, एक केबल ग्लँड. निपलांची वॉशरं दोन्ही आतून. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावला. पहिल्यांदा उलटा गुंडाळला होता, आवळताना सगळा गोळा होऊन बाहेर आला. आटा आपल्याकडे तोंड करून धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळला तेव्हा बसला.

आंगणात पाच फुटांची टेस्टिंग घेतली. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, सकाळी त्यावर रुपयाएवढा ओला डाग. वरून सगळं कोरडंच दिसत होतं. मग सगळं पुसून प्रत्येक जोडावर टॅल्कम पावडर उडवली आणि बसून राहिलो. वीस मिनिटांनी ग्लँडच्या खाली पावडरीत एक काळी रेघ उमटली. मी निपलांनाच दोष देत होतो. वायर बारीक आणि ग्लँड मोठा, रबर वायरीला धरतच नव्हतं. लहान मापाचा ग्लँड आणला आणि आणखी दोन रात्री टेस्टिंग घेतली. कागद कोरडा.

सायफनची दोन्ही भोकंही पाडली. मुद्दाम पिन काढली आणि नळीचं फिल्टराकडचं टोक सोडून बादलीत धरलं, ५ सेंटिमीटरवर नळीनं घुर्रर्र केलं आणि पाणी थांबलं. मुलगी दचकली, मग तिनं दोनदा पुन्हा करायला लावलं. जुन्या बादलीतल्या विटा टाकीच्याच पाण्यात विसळून तशाच नव्या पाईपात घेतल्या, त्यामुळे पाणी गढूळ झालं नाही.

नवेगावकर
वा जी! आजोबा असते तर खूश झाले असते.

मोटर_रिवायंडिंग
आठ दिवसानं बोल्ट एकडाव पुन्ना आवळजा. पॅकिंग बसते थोडं.

संत्राबाग
आवळले. दोन बोल्ट खरंच सैल होते.

गप्पीवाली
माशांचं काय ठरलं?

संत्राबाग
तीन मासे मुलीच्या मैत्रिणीकडे गेले. मुलीनं स्वतःच पिशवीत भरून दिले, अट एकच, दर रविवारी भेटायला जायचं. आता त्या मैत्रिणीच्या वडिलांना फिल्टर हवा आहे. पाईपाचा उरलेला तुकडा त्यांच्यासाठी ठेवलाय.

ठिबकवाला
आणि तुरीची पोती?

संत्राबाग
उन्हात वाळवली, फारशी बिघडली नव्हती. आईनं डाळ करून घेतली. फिल्टरखाली कागद अजून अंथरलेलाच आहे, रोज सकाळी तीच उचलून पाहते.